आडवेळेचे दर्शन

मराठवाड्यात देवाला निघायचे म्हटले की दिवस आधीच ठरलेला असतो. माळेगावच्या खंडोबाला मार्गशीर्षात जायचे, माहूरच्या रेणुकेला नवरात्रात, लातूरच्या सिद्धेश्वराला महाशिवरात्रीला, कंधारच्या दर्ग्याला उरुसात. हीच सवय आता जुन्या देवळांना, लेण्यांना आणि किल्ल्यांनाही लागली आहे. होट्टल, निलंगा, खरोसा, उदगीर, कंधार या ठिकाणी शाळांच्या सहली आणि गाड्या भरून आलेली कुटुंबे दिसतात ती थंडीत, नाहीतर श्रावणातल्या सोमवारी. बाकीचे आठ महिने 'ऑफ-सीझन'. त्या दिवसांत जावे असे सांगणारे लोकही आहेत. त्यांचे कारण सरळ असते: गर्दी नसते, लॉज स्वस्त पडतो, फोटोत कोणी आडवे येत नाही. हे गिऱ्हाइकाचे कारण झाले. त्यात खोटे काही नाही, पण खोलही काही नाही. प्रश्न धर्माच्या अंगणातला आहे. जिथली पूजा थांबली, शिखर ढासळले, मूर्ती फुटली, त्या ठिकाणी जाण्याचा काळ कोणी ठरवायचा? पंचांगाने, हवामानाने की त्या जागेनेच? माझे म्हणणे असे की जागेने. आणि तसे मानले तर आज आपण जिला आडवेळ म्हणतो तीच पुष्कळदा त्या जागेची खरी वेळ निघते.

आधी पर्वकाळाचे बघू, कारण आक्षेप तिथूनच येणार. तिथी, वार, नक्षत्र यांना महत्त्व आहे, अमुक दिवशी केलेल्या दर्शनाचे फळ मोठे, असे माहात्म्यग्रंथ सांगतात. पण हे दिवस आभाळातून पडलेले नाहीत. मृगात पेरणी, श्रावणात कोळपणी-खुरपणी, आश्विनात सोयाबीनची रास, कार्तिकात ज्वारीची पेर उरकलेली, आणि मग हातात चार पैसे आणि अंगात थोडी सवड, तेव्हा माळेगावची जत्रा. जनावरांचा बाजारही तेव्हाच, कारण विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तेव्हाच परवडतो. जत्रेचे पंचांग हे बऱ्याच अंशी शेताचे पंचांग आहे. यात देवाला कमीपणा नाही, उलट ही फार शहाणी व्यवस्था आहे. मात्र तिच्यावरून देव त्या दिवशी अधिक हजर असतो असे काही सिद्ध होत नाही. परंपरेनेही हे कधी काटेकोर मानलेले नाही. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू निजतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो, म्हणून चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त बंद. पण महाराष्ट्रातली सर्वांत मोठी वारी पंढरीला पोचते ती देव निजण्याच्याच दिवशी, आणि माहूरच्या गडावर मुंगीला वाट मिळत नाही ते नवरात्रही त्याच निजेच्या चार महिन्यांत येते. माहूरची तर गंमतच आहे. दत्तात्रेय स्नानाला काशीला, भिक्षेला कोल्हापूरला आणि निद्रेला माहूरला येतात अशी श्रद्धा आहे. शब्दशः घेतली तर दिवसाढवळ्या माहूरला गेलेल्या भक्ताने दत्त भेटण्याची आशाच धरू नये. कोणी धरत नाही असे नाही, आणि कोणाची निराशाही होत नाही. म्हणजे हजेरीचा हिशेब वेळापत्रकाने होत नाही, हे लोकांना केव्हाचे कळलेले आहे.

तरीही जिथे नित्यपूजा चालू आहे तिथे काळाचा मान ठेवलाच पाहिजे, कारण तिथला काळ कोणीतरी रोज जपतो आहे. काकडआरती, महापूजा, नैवेद्य, शेजारती हे सगळे माणसांनी हातांनी चालू ठेवलेले घड्याळ आहे. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये तर सेवा आणि लंगर बारा महिने अखंड चालतात, त्या स्थळाला हंगाम असा नाहीच. भग्न स्थळाचे तसे नाही. तिथले घड्याळ बंद पडले आहे. मूर्तिशास्त्राचा संकेत असा की प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते आणि मूर्ती खंडित झाली की ती पुजू नये, जळात सोडावी, नवी बसवावी. हा संकेत खरा मानला तर पडक्या गाभाऱ्यातून देव रीतसर मोकळा झालेला आहे. मग त्याच्या नावाच्या तिथीला तिथे जाऊन आपण कोणाचा पर्वकाळ पाळतो? कंधारचे उदाहरण घ्या. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे अभ्यासक मानतात. त्यांच्याच काळात कंधार वैभवाला चढले. तिथल्या विशाल तलावाला आजही जगत्तुंग सागर म्हणतात, आणि तिथे सापडलेले क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे पाहिले की अखंड मूर्ती किती उंच असेल याचा नुसता अंदाज करतानाही मान वर जाते. क्षेत्रपाल म्हणजे जागेचा राखणदार. राखणदाराला कसली आली तिथी? तो बारा महिने, आठ प्रहर उभा राहण्यासाठीच घडवलेला. त्याचे आज तुकडे उरले आहेत, आणि तुकड्यांचा महोत्सव कोणत्या नक्षत्रावर करावा हे कोणत्याही ग्रंथात नाही.

इथे कोणी म्हणेल, देव निघून गेला असेल तर तुमच्या त्या जाण्याला दर्शन कशाला म्हणता, सरळ सहल म्हणा. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर पंडितांपेक्षा खेड्यांनी चांगले दिले आहे. नांदेड-लातूरकडच्या गावांत मारुतीच्या पारावर, पिंपळाच्या बुंध्याशी जुन्या देवळाचे तुकडे टेकवून ठेवलेले असतात: एखादा वीरगळ, सप्तमातृकांचा अर्धा पट, मुंडके उडालेला नंदी, कुठल्याशा द्वारशाखेचा तुकडा. शास्त्राप्रमाणे हे सगळे केव्हाच पाण्यात जायला हवे होते. लोकांनी त्यांना शेंदूर फासला, तेल घातले, वर्षानुवर्षे थरावर थर चढवले, इतके की खालचे नाक-डोळे बुजून गेले आणि मूर्ती कोणाची होती हेही विसरले. पण फुटले म्हणून संपले, हे मात्र त्यांनी मानले नाही. शेंदराचा तो थर शिल्पाच्या अभ्यासकाला टोचतो, आणि टोचायलाच हवा. तरी त्यामागची समजूत नीट ऐकली तर ती अशी आहे की इथे कधीतरी कोणीतरी मनापासून हात जोडले होते, ते हात जोडणे दगडात मुरले आहे. तेर इथले त्रिविक्रम मंदिर लातूरहून फार लांब नाही. विटांचे, मागच्या बाजूने गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे गोल. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी त्याच्या घडणीवरून ते मुळात बौद्ध चैत्य असावे असे दाखवले, आणि आज आत विष्णूचा त्रिविक्रम आहे. आता या वास्तूला बुद्धपौर्णिमेला जायचे की एकादशीला? दोन्ही दिवस खरे आहेत आणि दोन्ही अपुरे. जागा दोन्ही देवांच्या पंचांगांपेक्षा जास्त जगली आहे.

मग जागेचा स्वतःचा काळ कोणता? तो गूढ नाही. ऊन, पाणी आणि दगड यांचा तो काळ आहे, आणि देऊळ बांधणाऱ्याने तो आपल्यापेक्षा बारकाईने ओळखला होता. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर घ्या. चालुक्यकालीन, त्रिकूट म्हणजे तीन गाभाऱ्यांचे, तारकाकृती विन्यासाचे. भिंत सरळ जातच नाही, कोनाकोनाने वळत जाते, आणि त्या प्रत्येक वळणावर बाहेरून मूर्ती उभी. अशा भिंतीचा अर्धा शिल्पकार सूर्य असतो. उथळ कोरलेल्या दगडावर ऊन समोरून पडले तर मूर्ती सपाट दिसते, तिरपे पडले तर कंबरेची वळी, हारातला मणी, ओठाची कड सगळे सावलीने उठून येते. आता थोडा भूगोल. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेलाच मावळतो. म्हणजे थंडीतल्या सहलींच्या संपूर्ण हंगामात नेमके उत्तरेकडे तोंड केलेल्या भिंतीला थेट ऊन एक क्षणही मिळत नाही. डिसेंबरात देवळाला प्रदक्षिणा घालणारा माणूस उत्तरेच्या मूर्ती फक्त करड्या उजेडात पाहतो आणि पुढे सरकतो. आणि त्या बाजूला काय असते? या काळातल्या कित्येक शिवमंदिरांत उत्तरेच्या देवकोष्ठात चामुंडा असते, हाडांचा सापळा झालेली, खपाटीला गेलेल्या पोटाची. गाभाऱ्यातले तीर्थ बाहेर नेणारी प्रणालही त्याच बाजूला. मृत्यूचे रूप आणि अभिषेकाचे पाणी एकाच भिंतीला, शेजारी शेजारी ठेवणे हा काही अपघात नव्हे. ते नीट पाहायचे तर मे महिन्यात यावे लागते. लातूर साडेअठरा अंशांच्या जरा खाली, नांदेड एकोणिसाच्या जरा वर. मेच्या मध्यावर सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते, तोच शून्य सावलीचा दिवस. त्या सुमारास सकाळी सूर्य पूर्वेच्या चांगला उत्तरेला उगवतो आणि त्याचे पहिले ऊन उत्तरेच्या भिंतीला घासून जाते. सकाळी साडेसहा ते आठ, एवढाच वेळ. तेव्हा चामुंडेच्या बरगड्या मोजता येतात. नऊनंतर दगड तापतो आणि माणसाने पारावर जाऊन बसावे हे बरे.

पाण्याचेही असेच. बारव ही उन्हाळ्याची वास्तू आहे. पावसाळा सरतानाची बारव काठापर्यंत भरलेली, सुंदर, पण तेव्हा तिचे तोंडच दिसते. तिचे शरीर, म्हणजे खाली खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, मधले टप्पे, भिंतीतले देवकोष्ठ, हे चैत्र-वैशाखात पाणी खाली गेले की एकेक पायरीने उघडे पडते. बारव बांधणाऱ्याने देव अशा जागी बसवला की टंचाईच्या दिवसांत पाण्यासाठी खाली उतरणाऱ्यालाच तो भेटावा. ज्या लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या माणसाला या रचनेतला अर्थ समजावून सांगायची गरज नाही. उलट लेणे ही पावसाळ्याची वास्तू. डोंगर कोरून राहण्याची रीत मूळ धरली ती श्रमणांच्या वर्षावासातून. एरवी फिरणाऱ्या बौद्ध आणि जैन भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी थांबायचे, कारण चिखलातून चालताना पायाखाली जीव मरतात. औसा तालुक्यातले खरोसा सहाव्या शतकाच्या सुमाराचे. तिथे नृसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण असा पौराणिक पसारा कोरलेला आहे, तेव्हा ते लेणे केवळ भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामाचे नव्हते हे उघड आहे. तरी कोरण्याची कल्पना वारशाने आली ती तिथूनच. खरोशाचा डोंगर जांभ्या दगडाचा, सच्छिद्र. बाहेर पाऊस धरला की आतल्या ओलीचा, थेंबांचा, अंधाराचा जो अनुभव येतो तो लेण्याच्या उपयोगाचाच भाग आहे, पाहुण्याची गैरसोय नव्हे. आज श्रावणझडीत, सोमवार सोडले तर, लेणे रिकामे असते आणि आपण म्हणतो, हंगाम नाही. अर्थात जांभ्यावर शेवाळ धरते, पाय सटकतो, फटीत साप असतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मराठवाड्यात वीज पडून माणसे दगावतात. जागेचा काळ पाळणे म्हणजे बेफिकिरी नव्हे. ढग दाटले की माळावरच्या झाडाखाली थांबू नये एवढे इथल्या पोरालाही ठाऊक असते.

पण ऊन-पाण्याच्या या हिशेबाला धर्म कसे म्हणायचे, असे कोणी विचारेल. इथे महानुभाव पंथीयांचा आधार घेणे मला सर्वांत योग्य वाटते, आणि ते या मातीतलेच आहेत. माहूरचे देवदेवेश्वर हे त्यांचे थोर स्थान. त्यांच्या विचारात सन्निधान आणि असन्निधान असा भेद आहे. अवतार समोर असणे हे सन्निधान, तो निघून गेल्यावरचा सगळा काळ असन्निधानाचा. आपण सगळे असन्निधानात आहोत हे त्यांनी लपवले नाही, की त्यावर मूर्तीने पांघरूण घातले नाही. त्यांनी केले ते असे: पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी जिथे बसले, जेवले, निजले, ती जागा 'स्थान' म्हणून नोंदवली, तिथे ओटा बांधला आणि त्याला नमस्कार करायला शिकवले. 'स्थानपोथी' हा ग्रंथ वाचताना थक्क व्हायला होते ते यामुळे की त्यात अमुक देवळाच्या अमुक दिशेला, दारापासून अमुक बाजूला, अशा खुणांनी जागा सांगितल्या आहेत. त्यातली कित्येक देवळे आज नाहीत. देवळात शिवाचे लिंग असले तरी महानुभावाच्या दृष्टीने मोलाची आहे ती चौकातली हातभर जागा, आणि तिथे जाण्याचे फळ म्हणजे स्मरण. स्वामी स्वतः गर्दीतून उठून एकांतात जात, त्याला 'विजन' हाच शब्द आहे. देव गेलेला आहे, जागा उरलेली आहे, आणि अनुपस्थिती प्रामाणिकपणे मान्य करून तिथे थांबणे हीच साधना: ही भूमिका तेराव्या शतकातल्या मराठीतली आहे, आजच्या पर्यटनाच्या भाषेतली नव्हे. भग्न मंदिरापुढे याहून नेमकी भूमिका मला सापडत नाही. फरक एवढाच की महानुभाव स्थानापाशी कोण बसले होते हे जाणतो. पडक्या देवळात आपल्याला पाथरवटाचे नावही ठाऊक नसते, तिथे स्मरणाची जागा निरखून पाहण्याने घ्यावी लागते.

यावर वारकऱ्याचा आक्षेप येईल, आणि तो सर्वांत कठीण आहे. तो म्हणेल, तुमचा एकांत हा अहंकाराचाच एक प्रकार आहे. देव भेटतो तो मेळ्यात, खांद्याला खांदा लागल्यावर, एकट्याला भेटतो तो स्वतःच्या मनाचा खेळ. मला हे निम्मे मान्य आहे. जिवंत क्षेत्री गर्दी टाळून व्हीआयपी वाटेने आत शिरणे हे दर्शनच नव्हे, तिथे रांगच उपासना आहे. पण गर्दीला देव घडवता येतो, वाचता येत नाही. होट्टलला सिद्धेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी हजार माणसांच्या धक्क्यात कोणाला दिसत नाहीत, त्यांच्यावर हात मात्र फिरतात, आणि हात फिरून फिरून दगड गुळगुळीत होतो. होट्टल महोत्सवाने त्या गावाचे नाव देगलूर तालुक्याबाहेर नेले, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. ज्या वारशाकडे कोणी फिरकत नाही त्याच्या डागडुजीला पैसा मिळत नाही हेही खरे. तेव्हा उत्सव नको असे माझे म्हणणे नाही. उत्सव हा गावाचा काळ आहे, देवळाचा नव्हे, एवढेच.

दुसरा आक्षेप सवडीचा. मे महिन्यात सकाळी साडेसहाला निलंग्यात उत्तरेची भिंत पाहायला कोण जाणार? ज्याची पगारी रजा आहे तो. शेतमजूर बाईला आडवेळ परवडत नाही, तिला जत्राच परवडते. हे खरे आहे आणि बोचणारे आहे. फक्त त्यातली एक गोष्ट उलटी धरली जाते. या भग्न जागांच्या सर्वांत जवळ बारा महिने असते तीच बाई: बांधावरून जाताना, शेळ्या वळताना, दुपारी भाकर सोडायला मंडपाच्या सावलीत टेकताना. तिने त्या खांबावर सगळ्या ऋतूंचे ऊन पाहिलेले आहे, आणि उत्तरेच्या भिंतीवर ऊन केव्हा येते हे बाहेरच्याने तिलाच विचारावे. आडवेळेला पाहुण्याने खरोखर करायची तयारी म्हणजे लॉजचे बुकिंग नव्हे. गाभाऱ्याची किल्ली गुरवाकडे असते आणि मृगाच्या आठवड्यात गुरव रानात असतो. त्याला पेरणी सोडून ये म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. कुलूप लागलेले असेल तर बाहेरून पाहावे आणि परतावे.

आणि एक ठिकाण असे आहे की जिथे हा सगळा युक्तिवाद थांबतो. भग्नावशेषांच्या सौंदर्याबद्दल लातूर जिल्ह्यात बोलताना जीभ जपून वापरावी लागते. १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक निजले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने किल्लारी हादरली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद हेच अनेकांच्या अंगावर आले. बावन्न गावे दुसरीकडे वसवावी लागली. जुन्या गावठाणांत उरले ते चौथरे, जोती, विहिरी. डोळ्यांना तेही अवशेषच आहेत, नीलकंठेश्वराच्या दगडांपेक्षा वयाने कित्येक शतकांनी लहान. पण तिथला काळ ऊन-पाण्याने ठरत नाही. तिथे अजून कोणाची तरी आई त्या जोत्यावरून उठून गेलेली नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी माणसे जमतात, तो दिवस त्यांचा, आणि बाहेरच्याने त्या दिवशी कॅमेरा घेऊन तिकडे जाऊ नये. बाकीच्या दिवशी जावे की नाही, हे नव्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर औशाच्या वाटेने खरोशाकडे वळावे.